‘अंगाला हात लावला’ : या तीन शब्दांवर ठरणारी मुदत

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आमच्या गावच्या स्त्रीशक्ती संघाची बैठक एका घराच्या पडवीत होती. हप्त्यांचा हिशेब संपला, चहा आला आणि एक बाई माझ्याजवळ सरकून हळूच म्हणाली, “सिस्टर, बारा वर्षं झाल्यावर केस घालायला येतंय काय हो?” मी तोंड उघडायच्या आत पलीकडची म्हणाली, “तीन वर्षांची मुदत असते की. त्याच्या पुढं कोण घेत नाहीत.” विचारणारीनं कप खाली ठेवला आणि ती उठून गेली. मी मागोमाग गेले. पण ती परत त्या विषयावर बोलली नाही.

मी एकतीस वर्षं खानापूर तालुक्यात आणि बेळगावात सरकारी दवाखान्यांतून स्टाफ नर्स म्हणून काम केलं, २०१८ साली निवृत्त झाले. लेबर रूम आणि एमएलसी रजिस्टर (पोलीस-प्रकरणांची दवाखान्यातली नोंदवही) या दोन ठिकाणी माझी बरीच नोकरी गेली. पलीकडच्या बाईनं दिलेलं उत्तर मी पोलिसांच्या, गावच्या पुढाऱ्यांच्या आणि शिकलेल्या माणसांच्या तोंडूनही ऐकलं आहे. ते अर्धवट खरं आहे, आणि त्या अर्धवटपणामुळे किती जणी घरी बसल्या असतील याचा विचार केला की मला झोप लागत नाही. म्हणून, लैंगिक अत्याचाराच्या तक्रारीला खरोखर किती मुदत असते हे सांगायला, हे पत्र.

आधी कायदा सांगते. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४६८ होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तेच कलम ५१४ झालं. गुन्ह्याला नुसता दंड असेल तर सहा महिने, एक वर्षापर्यंत कैद असेल तर एक वर्ष आणि तीन वर्षांपर्यंत कैद असेल तर तीन वर्षं, एवढ्या काळातच कोर्टाला त्या गुन्ह्याची दखल घेता येते. तीन वर्षांहून जास्त शिक्षा असलेल्या गुन्ह्याला मुदतच नाही. म्हणजे बलात्काराला नाही. लहान मुलावरच्या लैंगिक अत्याचाराच्या बहुतेक गुन्ह्यांना नाही. बारा वर्षांनी नाही, तीस वर्षांनी नाही, कधीच नाही. पण लैंगिक छळ, पहिल्यांदा केलेला पाठलाग, आणि पॉक्सो या मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या कलम १२ मधला मुलांचा लैंगिक छळ, यांची शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे. त्यामुळे तिथं तीन वर्षांची मुदत लागते. पलीकडच्या बाईनं कुठं तरी यातलं एखादं प्रकरण ऐकलं असणार आणि तिनं तोच नियम सगळ्याला लावला.

आता आमच्या भागाचं दुखणं इथं सुरू होतं. कुठलं कलम लागणार हे पहिल्या जबाबात काय लिहिलं जातं यावर ठरतं. बाई बोलते मराठीत, जबाब लिहिला जातो कन्नडमध्ये.

२०१६ च्या जुलैत रात्री नऊच्या सुमाराला एक आई नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आली. (गाव, वाडी, नातं काहीच सांगत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नं पीडितेची ओळख उघड करायला बंदी आहे, आणि ती नसती तरी मी सांगितलं नसतं.) आई म्हणाली, “त्यानं पोरीच्या अंगाला हात लावला.” आमच्याकडं बाईमाणूस याच्या पुढं बोलत नाही. अंगाला हात लावला, वाईट केलं, पोरीला बाटवलं, एवढेच शब्द असतात, आणि त्यात सगळं येतं. ज्या स्त्री पोलिसानं जबाब घेतला ती विजापूरकडची, वागायला अतिशय प्रेमळ. तिला मराठी थोडं कळायचं. तिनं कन्नडमध्ये लिहिलं, त्याचा अर्थ मराठीत ‘असभ्य वर्तन केले’ असा होतो. मी नोकरीत कन्नड शिकले म्हणून मला ते वाचता आलं. डॉक्टरबाईंनी मुलीला शांतपणे विचारलं, आईला बाहेर बसवून नव्हे तर आईचा हात हातात देऊन विचारलं. तेव्हा कळलं की झालेला प्रकार त्या दोन शब्दांच्या कितीतरी पलीकडचा होता. जबाब पुन्हा लिहिला गेला. पॉक्सोचं कलम बदललं. जामिनाचा प्रश्न बदलला, शिक्षा बदलली, आणि मुदत, जी आधीच्या ओळीप्रमाणे तीन वर्षांची ठरली असती, ती राहिलीच नाही. त्या रात्री ड्युटी दुसऱ्या कुणाची असती तर ती ओळ तशीच राहिली असती.

हा भाषेचा वाद म्हणून मी लिहीत नाही. बेळगावात मराठी-कन्नड यावर जे काही बोलायचं ते बोलून झालं आहे. मी फक्त एवढं सांगते की पॉक्सोच्या कलम १९ मध्येच म्हटलं आहे की मुलाला न कळणाऱ्या भाषेत नोंद होत असेल तर दुभाषी द्यायचा. आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ प्रमाणे बलात्काराच्या प्रकरणात पीडितेचा जबाब मोबाइलवरही ध्वनिचित्रमुद्रित करता येतो. म्हणजे आईचे शब्द तिच्याच तोंडून, तिच्याच बोलीत कोर्टापर्यंत नेता येतात. त्याला पैसा लागत नाही, इमारत लागत नाही. मराठी फलकांसाठी आपण निवेदनं देतो, मोर्चे काढतो. पोलीस स्टेशनातल्या या एका जबाबासाठीही एक निवेदन जायला पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

मुदतीमुळे खरंच दार बंद झालेली एक मुलगी मी पाहिली आहे. मुलगी म्हणते, पण २०२३ साली ती मला भेटली तेव्हा बत्तीस वर्षांची होती. गोव्यात नोकरी करते. २००२ सालच्या मे महिन्यात, शाळेला सुट्टी असताना, घरातल्याच माणसानं तिच्यावर अत्याचार केला. ती तेव्हा अकरा वर्षांची. मी तिला बेळगावच्या एका वकीलबाईंकडे नेलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कायदा उलगडून सांगितला. २००२ साली पॉक्सो नव्हता, तो १४ नोव्हेंबर २०१२ ला आला. बलात्काराची व्याख्या २०१३ साली रुंदावली, त्याआधी ती फार अरुंद होती, आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयानंही ती ताणायला नकार दिला होता. त्यामुळे हिच्या बाबतीत घडलं ते त्या काळच्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३५४ मध्ये, म्हणजे विनयभंगात, बसायचं. त्याला तेव्हा जास्तीत जास्त दोन वर्षं शिक्षा. दोन वर्षं शिक्षा म्हणजे तीन वर्षं मुदत. मोजणी घटनेच्या दिवसापासून.

म्हणजे २००५ च्या मे महिन्यात हिची मुदत संपली. तेव्हा तिची आठवी सुरू व्हायची होती.

वकीलबाई म्हणाल्या की न्यायासाठी गरज असेल तर उशीर माफ करायचा अधिकार कोर्टाला आहे, अर्ज करून बघता येईल. तिनं नाही केला. बाहेर आल्यावर ती म्हणाली, “मुदत संपली तेव्हा मला त्या गोष्टीला काय म्हणतात हेसुद्धा माहीत नव्हतं, सिस्टर.” कलम ३५४ ची शिक्षा २०१३ मध्ये पाच वर्षांपर्यंत वाढली, त्यामुळे त्यानंतरच्या गुन्ह्यांना ही मुदत लागत नाही. पण नंतरचा कडक कायदा आधीच्या घटनेला लावता येत नाही, तसं आपल्या राज्यघटनेतच आहे.

मुदत का असते हे मला कळत नाही असं नाही. वीस वर्षांनी साक्षीदार मेलेले असतात, आठवणी पुसट होतात, निर्दोष माणसाला आपली बाजू मांडणं अवघड होतं. किरकोळ मारामारीला, शिवीगाळीला मुदत असावी. पण अकरा वर्षांच्या पोरीच्या नावानं घड्याळ चालू करायचं आणि ती चौदाची असतानाच ते बंद करायचं, हे कुठल्या माणसाला पटेल? २०१८ साली केंद्र सरकारनं जाहीर केलं की बालपणीच्या लैंगिक अत्याचाराची तक्रार देण्याला पॉक्सोत मुदत नाही, कायदा मंत्रालयाचं तसं मत आहे. चांगलं झालं. पण मंत्रालयाचं मत म्हणजे संहितेतलं कलम नव्हे. कलम ५१४ मध्ये तीन वर्षं ही तीन वर्षंच आहेत आणि पॉक्सोचं कलम १२ त्यात सापडतं.

आता शरीरावरून आणि कपड्यांवरून पुरावा म्हणून घेतात त्या नमुन्यांविषयी. हे मला सगळ्यात जवळचं आहे आणि सगळ्यात जड जाणारंही.

कायद्यात बलात्काराला मुदत नसली तरी नमुन्याला मुदत असते. शरीरावरचा पुरावा बहात्तर तासांनंतर झपाट्यानं नाहीसा होतो. केंद्राच्या आरोग्य खात्यानं २०१४ साली जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात शहाण्णव तासांपर्यंत, म्हणजे चार दिवसांपर्यंत, नमुने घ्यायला सांगितलं आहे. आमच्याकडं बाई तिसऱ्या-चौथ्या दिवशी येते. पहिल्या दिवशी रडते, दुसऱ्या दिवशी घरातले पुरुष बसून ठरवतात, तिसऱ्या दिवशी गावचं कुणी तरी मिटवायला येतं. आणि पहिलं काम काय होतं, तर आई पोरीला कडकडीत पाण्यानं न्हाऊ घालते आणि कपडे नदीवर नाही तर न्हाणीत धुऊन टाकते. त्या आईला मी कधी बोल लावला नाही. ती पोरीच्या अंगावरची घाण काढत असते.

पण तिला हे माहीत असायला हवं की धुतलं म्हणजे संपलं असं नाही. धुतलेल्या कपड्याच्या विणीतूनही डीएनए मिळू शकतो. कपडे जसे आहेत तसे आणायचे, धुतले असले तरी आणायचे. आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत आणायचे नाहीत.

हे मी शिकले ती किंमत दुसऱ्या कुणी मोजली. २००९ चा श्रावण. पश्चिमेकडच्या एका वाडीतली बावीस वर्षांची बाई, काजूच्या कामावर जाणारी. कणकुंबी-जांबोटीकडचा पाऊस ज्यांना ठाऊक आहे त्यांना सांगायला नको, आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही आणि घरात वाळत घातलेल्या लुगड्यावर बुरशी धरते. तिचे कपडे ओले होते. मी ते घडी करून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातले, तोंड दोऱ्यानं बांधलं, लेबल लावलं आणि सील केलं. मला वाटलं, बंद पिशवीत सुरक्षित राहील. आरोपीची आणि पीडितेची डीएनएसाठी तपासणी करण्याची तरतूद कायद्यात २००६ पासून आली होती, पण ओला कपडा सावलीत वाळवून कागदात ठेवायचा हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. पिशवी आधी एका कपाटात पडली, मग दुसऱ्या कपाटात, मग बंगळूरला गेली. अहवाल आला: नमुना कुजलेला, डीएनए मिळू शकला नाही.

चार वर्षांनी मी साक्षीला उभी राहिले. आरोपीच्या वकिलांनी विचारलं, पिशवी किती वाजता सील केली, कुणाकडे दिली, त्या कपाटाची किल्ली कुणाकडे होती, नोंदवही दाखवा. नोंदवही नव्हती. त्यांचे प्रश्न चुकीचे नव्हते. तो माणूस सुटला. ती बाई कोर्टाच्या आवारात चिंचेखाली तिच्या आईबरोबर बसली होती. तिनं माझ्याकडं बघून हात जोडले, आणि ते हात जोडणं मी अजून विसरले नाही.

म्हणून जुलै २०२५ मध्ये तमिळनाडूतल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं दिलेला आदेश वाचला तेव्हा मी तो कापून ठेवला. डीएनएचा नमुना घेतल्यापासून अठ्ठेचाळीस तासांत प्रयोगशाळेत पोचला पाहिजे, ती जबाबदारी तपास अधिकाऱ्याची. नमुना कुणाच्या हातून कुणाच्या हातात गेला याची नोंदवही पाहिजे, ती निकाल लागेपर्यंत सांभाळायची. कोर्टाच्या परवानगीशिवाय पाकीट उघडायचं नाही. पाऊस आणि घाट लक्षात घेतला तर खानापूर तालुक्यातून अठ्ठेचाळीस तास पाळणं सोपं नाही. पण वाहन, माणूस आणि बर्फाचा डबा दिला तर अशक्यही नाही. पोलिओची लस आम्ही याच रस्त्यांवरून थंड ठेवून वाडीवाडीत पोचवली आहे.

आणखी एक गोष्ट नर्स म्हणून सांगते. अल्पवयीन मुलीचा गर्भपात करावा लागला तर तो गर्भ हाच पुरावा असतो. तो सवयीनं फॉर्मॅलिनमध्ये (नमुने टिकवायच्या द्रवात) टाकला की डीएनएचं नुकसान होतं. ज्या डॉक्टर-नर्सना हे ठाऊक आहे त्यांनी नव्या मुलींना पहिल्याच दिवशी सांगावं.

डीएनए किती लांब पोचतो याचं उदाहरण आपल्याच देशात आहे. उत्तर प्रदेशातल्या शाहजहानपूरमध्ये १९९४ साली बारा वर्षांच्या मुलीवर दोघा भावांनी वारंवार अत्याचार केला. तिला मुलगा झाला, तो दुसऱ्यांकडे वाढला. मोठा झाल्यावर त्यानं आईला बापाचं नाव विचारलं. २०२१ मध्ये कोर्टाच्या आदेशानं गुन्हा नोंदला गेला, डीएनए जुळला, आणि २०२४ साली दोघांना दहा-दहा वर्षांची शिक्षा झाली. सत्तावीस वर्षांनी तक्रार झाली तरी मुदत आडवी आली नाही, कारण बलात्काराला ती नाहीच.

अमेरिकेत उलटं घडलं. कॅलिफोर्नियात १९७० च्या दशकात डझनावारी बायकांवर बलात्कार करणारा जोसेफ डिअँजेलो हा माजी पोलीस २०१८ मध्ये डीएनएवरून सापडला. पण तोवर त्या बलात्कारांची मुदत संपली होती. खुनांसाठी त्याला जन्मठेप झाली, बलात्कारांची नुसती कबुली घेता आली, खटला नाही. विज्ञान चाळीस वर्षांनी दारापर्यंत पोचलं आणि दाराला कुलूप होतं. कॅलिफोर्नियानं २०१६ साली कायदा करून बलात्काराची मुदत काढली, पण ती पुढच्या गुन्ह्यांसाठी.

डीएनए म्हणजे सगळं नव्हे, हेही लिहायला हवं. आमच्या खेड्यात आरोपी कोण हा प्रश्न बहुतेक वेळा नसतोच, तो शेजारचा नाही तर घरातला असतो. डीएनए संबंध आला एवढं सांगतो, जबरदस्ती होती का ते सांगत नाही. लहान मुलीच्या बाबतीत मात्र संमतीचा प्रश्नच उद्भवत नाही, म्हणून तिथं तो एकटा फार मोठं काम करतो. तो निर्दोषाला सोडवतोही. इंग्लंडमध्ये १९८६ साली तो पहिल्यांदा खुनाच्या तपासात वापरला तेव्हा आधी सुटला तो एक निर्दोष पोरगा, ज्यानं पोलिसांपुढं खोटी कबुली दिली होती. आणि नमुना मिळाला नाही म्हणून केस मेली असंही नाही. पीडितेची साक्ष विश्वासार्ह असेल तर तेवढ्यावरही शिक्षा होऊ शकते, आणि अब्रूच्या भीतीनं तक्रारीला उशीर झाला तर तो तिच्या विरुद्ध धरायचा नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९६ साली गुरमितसिंग खटल्यात सांगितलं आहे. चौथा दिवस उलटून गेलेल्या बायकांनी ही ओळ दोनदा वाचावी.

माझं मागणं फार मोठं नाही. जिल्ह्यातल्या प्रत्येक सरकारी दवाखान्यात आणि पोलीस स्टेशनात कन्नड आणि मराठीत एक फलक लागावा: बलात्काराला मुदत नाही, चार दिवसांच्या आत आलात तर उत्तम, नंतरही या, कपडे धुऊ नका, कागदी पिशवीत आणा, उपचार फुकट आहेत आणि सरकारी काय, खासगी दवाखान्यालाही ते नाकारता येत नाहीत. मराठी बोलणाऱ्या बाईचा जबाब तिच्या शब्दांत मोबाइलवर रेकॉर्ड व्हावा. प्रत्येक तालुक्यात नमुना पोचवण्याचं वाहन आणि नोंदवही असावी. आणि दर डिसेंबरात बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये अधिवेशनासाठी येणाऱ्या आमच्या आमदारांनी, तसंच दिल्लीतल्या खासदारांनी, मुलांवरच्या गुन्ह्यांना कलम ५१४ लागू नये, निदान मुदत अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर मोजावी, हा विषय मांडावा.

पडवीतून उठून गेलेली ती बाई तुमचा पेपर रोज वाचते. तिच्या सासऱ्यांचं वाचून झालं की दुपारी तिच्या हाती येतो. हे पत्र शक्यतो पहिल्या पानाच्या आत, जिथं तिची नजर पडेल अशा जागी छापावं. बाई, बलात्कार असेल तर बारा वर्षांनीही केस घालता येते. मी मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी घरीच असते. मागच्या दारानं आलीस तरी चालेल.

आपली,
एक निवृत्त स्टाफ नर्स, खानापूर तालुका
(नाव व गाव छापू नये, ही विनंती.)